नॅनोट्यूब पाण्यात पसरवताना पॉलिमर आधी, नळ्या नंतर

सबमिशन जवळ आलं की ज्युनियर पोरांचे व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात. बाटलीत वर स्वच्छ पाणी, तळाशी काजळीचा थर, आणि खाली लिहिलेलं, ‘ताई, काल रात्री तर मस्त काळं झालं होतं.’ झालंच असणार, काजळी पाण्यात ढवळली तरी पाणी काळं होतं. पाणी काळं होणं आणि नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, एकमेकींपासून सुट्या होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेकांची गडबड क्रमात होते, मशीनमध्ये नाही. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढते.

कार्बन नॅनोट्यूबना पाणी आवडत नाही आणि त्या एकमेकींना घट्ट चिकटून जुड्या करून बसतात. सोनिकेटर, म्हणजे अल्ट्रासाउंडने द्रव हादरवणारं मशीन, त्या जुडीची टोकं उसवतो, जुन्या सुतळीचं टोक पिंजतं तसं, आणि त्या उसवलेल्या फटीत पॉलिमर (लांब साखळीचा रेणू) शिरून बसला तर नळी परत चिकटत नाही, फट हळूहळू पुढे सरकत जाते आणि शेवटी नळी सुटी होते. पॉलिमर तिथे आधीपासून हजर नसेल तर सोनिकेटर थांबला की फट मिटली. नळ्या पाण्यात टाकून अर्धा तास सोनिकेट करायचं आणि मग पॉलिमर घालायचा, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि मग नुसता पॉलिमर घालून ती भरून निघत नाही.

## आधी ठरवा: कुठला पॉलिमर

इथे मी प्लुरोनिक एफ-१२७ धरून लिहितेय. याच्या साखळीत मधला भाग पाण्याला टाळणारा, तो नळीला चिकटतो, आणि दोन्ही बाजूंच्या लांब शेपट्या पाण्यात पसरून दुसऱ्या नळीला जवळ येऊ देत नाहीत. याच्यावर चार्ज नाही, त्यामुळे पुढे तुम्हाला मीठ किंवा बफर घालायचं असेल तर हा एसडीएस नावाच्या चार्जवाल्या साबणासारखा लगेच दगा देत नाही.

पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन) सुद्धा चालतो, तो नळीभोवती गुंडाळला जातो, फक्त मुंबईच्या पावसाळ्यात त्याची बाटली उघडी राहिली तर पावडर हवेतलं पाणी ओढून ढेकूळ होते आणि तुमचं वजन चुकतं. सोडियम सीएमसी (सेल्युलोजपासून केलेला पॉलिमर) बॅटरीच्या इलेक्ट्रोडवाल्यांना बरा पडतो. गम अरेबिक या डिंकाने सुट्या नळ्या पाण्यात टिकतात हे २००२ सालीच छापून आलंय, पण म्हणून घरातला लाडवाचा डिंक आणू नका, हसू नका, एकाने खरंच आणला होता. बाजारातला खायचा डिंक वेगवेगळ्या झाडांचा असतो, त्यात साल-माती असते. गम अरेबिक हवा तर लॅब ग्रेडचाच घ्या.

सिव्हिलवाल्यांसाठी एक सूचना. सिमेंटमध्ये घालायच्या नळ्या असतील तर एफ-१२७ फेस करतो आणि तो फेस काँक्रीटमध्ये हवेची भोकं ठेवतो. तुमच्याकडे पॉलीकार्बोक्झिलेट सुपरप्लास्टिसायझर असतोच, त्याच्यात करून बघा, नाहीतर डिफोमर लागेल.

## तयारी: ही यादी आदल्या दिवशी

बॅच १०० मिलीची धरू. ५० मिग्रॅ मल्टीवॉल (एकात एक अनेक भिंतींच्या) नळ्या, १ ग्रॅम एफ-१२७, १०० मिली डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं, डीआय) पाणी. म्हणजे नळ्या ०.५ मिग्रॅ प्रति मिली आणि पॉलिमर १ टक्का. सिंगलवॉल (एकाच भिंतीच्या) असतील तर पहिल्या वेळी नळ्या निम्म्या घ्या, त्यांच्या जुड्या जास्त चिवट असतात.

पाणी डीआय किंवा मिलीक्यू मशीनचं. नळाचं नको. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणीही नको, त्यात काय किती आहे त्याचा भरवसा नसतो आणि उद्या रिझल्ट बदलला तर कारण सापडणार नाही.

नळ्यांच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा. प्युरिटी ९० टक्के असेल तर ५० मिग्रॅमध्ये नळ्या ४५ मिग्रॅच आहेत, बाकी लोखंड, कोबाल्ट असला कॅटॅलिस्ट आणि अमॉर्फस कार्बन. आणि ‘सीओओएच फंक्शनलाइज्ड’ (नळीवर ॲसिडचे गट जोडलेले) लिहिलं असेल तर ती वेगळी वस्तू आहे, तिची रेसिपी साध्या नळ्यांना लागू होत नाही आणि उलटही होत नाही. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या केमिकलच्या दुकानातून घाईत मागवताना हा शब्द सुटतो आणि मग दोन बॅच का जुळत नाहीत म्हणून आठवडा जातो.

बाकी लागेल ते: प्रोब सोनिकेटर (द्रवात टिप बुडवून चालवायचा), बर्फ, थर्मामीटर, २५० मिलीचा उभट बीकर, मॅग्नेटिक स्टरर, सेंट्रीफ्यूज, यूव्ही-व्हिजिबल (ॲबसॉर्बन्स, म्हणजे प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं मशीन), काचेच्या स्लाइड आणि साधा मायक्रोस्कोप.

सावध: कोरडी पावडर श्वासातून जाणं हा या कामातला खरा धोका आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) २०१४ मध्ये एका प्रकारच्या मल्टीवॉल नळीला माणसात कॅन्सर करण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलंय, बाकी प्रकारांबद्दल पुरावा पुरेसा नाही म्हणून वर्गीकरण केलेलं नाही, पण पुरेसा नाही म्हणजे सुरक्षित नव्हे. फ्यूम हूड, नायट्राइल ग्लोव्ह्ज, एन-९५ मास्क. सर्जिकल मास्क चालणार नाही, ओढणी तर नाहीच.

## टप्पा १: पॉलिमर पूर्ण विरघळवा

एफ-१२७ गरम पाण्यात लवकर विरघळेल असं सगळ्यांना वाटतं, साखरेसारखं. तो उलटा आहे. थंड पाण्यात नीट विरघळतो, गरम पाण्यात दाण्यावर बाहेरून जेलचा थर बसतो आणि आतला दाणा कोरडाच राहतो. म्हणून पाणी फ्रिजमध्ये गार करून घ्या, स्टररवर हळू फिरवत ठेवा आणि पॉलिमर चिमटी-चिमटीने भुरभुरवा. जोरात फिरवलं तर फेस होईल आणि तो फेस पुढे प्रोबच्या वेळी त्रास देईल.

काही जण वेळ वाचवायला २० टक्क्यांचा स्टॉक करून ठेवतात. करा, पण तो मुंबईच्या लॅबमध्ये बाहेर ठेवला की जेली होतो. बाटली उलटी केली तरी हलत नाही, मग घाबरून फेकून देतात. अहो, फ्रिजमध्ये ठेवा, परत पातळ होतो. हा त्याचा स्वभाव आहे, तो खराब झालेला नाही.

तपासा: बीकर उजेडासमोर धरा. पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं, एकही पारदर्शक गोळी तरंगताना दिसली तर अजून थांबा. त्यातलं २० मिली बाजूला काढून ठेवण्याइतकं जास्तीचं द्रावण करा, म्हणजे १०० ऐवजी १५० मिलीच (पॉलिमर १.५ ग्रॅम) करा की, पुढे ब्लँकला (तुलनेच्या नमुन्याला) आणि पातळ करायला हेच लागणार आहे.

## टप्पा २: तोलणं आणि भिजवणं

पंखा बंद. एसीची हवा थेट तराजूवर येत असेल तर तोही बंद. नळ्यांची पावडर इतकी हलकी असते की झाकण उघडल्या उघडल्या उडते, आणि हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी प्लास्टिकच्या बोटीला स्टॅटिकने चिकटून बसते. त्यापेक्षा छोट्या काचेच्या वायलमध्ये तोला आणि वायलमध्येच १-२ मिली पॉलिमरचं द्रावण टाकून ओलं करा, मग ते सगळं बीकरमध्ये ओता आणि वायल त्याच द्रावणाने दोनदा धुवा. यात उडायला काही उरत नाही आणि वायलला चिकटून काही मागेही राहत नाही.

सांडलं तर झाडू नाही, ओला टिश्यू. आणि तो टिश्यू साध्या कचऱ्यात टाकायचा नाही.

आता स्टररवर रात्रभर मंद फिरत ठेवा. हा टप्पा सगळे गाळतात कारण दिसायला काहीच होत नाही, पण सुक्या जुडीत हवा अडकलेली असते आणि ती हवा निघून आत पाणी जायला वेळ लागतो. सकाळी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १५-२० मिनिटं ठेवा, मोठे गोळे फुटतात.

तपासा: वर तरंगणारी काळी साय उरली नसावी. उरली असेल तर प्रोब घालायची घाई नको, ती साय प्रोबच्या वेळी फेसात जाऊन बसेल आणि शेवटपर्यंत तिथेच राहील.

## टप्पा ३: प्रोब सोनिकेशन

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण निम्म्या बॅच इथेच बिघडतात.

पहिलं म्हणजे टिप. ५० ते १५० मिलीला १३ मिमीची टिप ठीक, १०-५० मिलीला ६ मिमीची, आणि त्याहून कमीला ३ मिमीची. टिपेचा तळ बघा, खड्डे पडलेले असतील तर ती टायटॅनियमचे कण तुमच्या सॅम्पलमध्ये सोडत्येय आणि पॉवरही नीट जात नाहीये. टिप द्रवात २ सेंमी तरी बुडलेली हवी, बीकरच्या तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. वर राहिली की किरकिर आवाज येतो आणि फेस चढतो, आणि एकदा फेसात टिप गेली की तुम्ही फक्त हवा हलवताय.

दुसरं तापमान. बीकर बर्फ-पाण्यात ठेवा, नुसत्या बर्फात नाही, कारण बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात आणि मधे हवा राहते. ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद असा पल्स लावा. पण इथे एफ-१२७ ची गंमत आहे. १ टक्क्याला त्याचे मायसेल (रेणूंचे बारीक गोळे) साधारण २४ डिग्रीच्या आसपास तयार व्हायला लागतात, त्याच्या खूप खाली गेलात तर त्याच्या मधल्या भागाचा पाण्याबद्दलचा तिटकारा कमी होतो आणि नळीला चिकटायची ओढही कमी होते. म्हणजे ५ डिग्री हे काही जास्त चांगलं नाही. १५ ते २० डिग्रीत ठेवा आणि मुख्य म्हणजे प्रत्येक बॅचला तेच ठेवा. मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये केलेली बॅच आणि जानेवारीतली बॅच जुळत नाही म्हणून डोकं धरून बसण्यापेक्षा दर ५ मिनिटांनी थर्मामीटरचा आकडा वहीत लिहा. थर्मामीटर पल्स बंद असताना बुडवायचा, हे सांगायला नको पण सांगते.

तिसरं, पॉवर. ‘४० टक्के ॲम्प्लिट्यूड’ हा आकडा एका मशीनचा दुसऱ्या मशीनला काहीच सांगत नाही. खरी पॉवर मोजायची सोपी रीत आहे: १०० ग्रॅम साधं पाणी घ्या, बर्फ नको, पल्स नको, तीच टिप तीच सेटिंग, एक मिनिट चालवा आणि तापमान किती वाढलं बघा. समजा ५ डिग्री वाढलं, तर १०० गुणिले ४.१८ गुणिले ५ भागिले ६० सेकंद, म्हणजे साधारण ३५ वॉट. आता तुमची ३० मिनिटं म्हणजे १८०० सेकंद, ६३ हजार जूल, १०० मिलीत वाटले तर प्रत्येक मिलीला ६३० जूल. हा आकडा वहीत लिहा. थिसिसमध्येही हाच लिहा. ‘अर्धा तास सोनिकेट केलं’ या वाक्यावरून कालिन्यातल्या लॅबचं काम माटुंग्यातल्या लॅबमध्ये कुणी परत करू शकत नाही.

मशीनवरचा टाइमर चालू वेळ मोजतो की एकूण वेळ, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. ५-५ च्या पल्सला यात दुपटीचा फरक पडतो आणि हा फरक मी दोन वर्षं कुणाच्यातरी प्रोटोकॉलमधून तसाच उचलत होते.

सावध: साउंड बॉक्सचं दार लावा, कानात प्लग घाला. प्रोबमुळे बारीक तुषार उडतात आणि त्यात नळ्या असतात, म्हणून हे कामसुद्धा हूडमध्येच किंवा झाकण लावून.

## टप्पा ४: थांबायचं कधी

अजून १० मिनिटं करूया, काय बिघडतं? बिघडतं. जास्त सोनिकेशनने नळ्या तुटून आखूड होतात, आणि पॉलिमरच्या साखळ्याही तुटतात. एफ-१२७ चे तुटलेले तुकडे पेशींना मारक ठरू शकतात, त्यामुळे पेशींवर काम करणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा, नाहीतर नळ्यांनी पेशी मेल्या म्हणून लिहाल आणि मारणारा पॉलिमरच असेल.

थांबायची वेळ घड्याळ सांगत नाही, ॲबसॉर्बन्स सांगतो. दर ५ मिनिटांच्या चालू वेळेनंतर १ मिली काढा, छोट्या सेंट्रीफ्यूजमध्ये प्रत्येक वेळी सारखाच वेग, सारखीच वेळ फिरवा, वरचं १०० मायक्रोलिटर घ्या आणि त्यात ४.९ मिली पॉलिमरचं द्रावण घाला, म्हणजे ५० पट पातळ झालं. ५०० नॅनोमीटरला रीडिंग घ्या. आकडा ०.२ ते १ च्या मधे यावा, नाही आला तर पातळ करायचं प्रमाण बदला. आधी आकडा भराभर चढतो, मग चढ कमी होत जातो, आणि लागोपाठ दोन-तीन रीडिंग जवळजवळ सारखी आली की बंद करा.

इथल्या दोन चुका. पातळ करायला साधं पाणी वापरतात, त्याने पॉलिमरही ५० पट पातळ होतो आणि तो नळीवरून सुटायला लागतो. आणि ब्लँक म्हणून साधं पाणी ठेवतात. ब्लँक म्हणजे नळ्या न घातलेलं पण तितकाच वेळ सोनिकेट केलेलं पॉलिमरचं द्रावण. म्हणून तर सुरुवातीला जास्तीचं करायला सांगितलं.

## टप्पा ५: सेंट्रीफ्यूज

सोनिकेशननंतर लगेच फिरवू नका, फेस बसू द्या, तासभर शांत ठेवा.

आता आरपीएमचा गोंधळ. ‘१०,००० ला फिरव’ हे अर्धवट वाक्य आहे. रोटरची त्रिज्या सेंमीमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग, गुणिले ०.००००१११८, म्हणजे किती जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) ते कळतं. त्रिज्या ८ सेंमी आणि ५,००० आरपीएम असेल तर साधारण २,२०० जी, त्याच रोटरवर १०,००० म्हणजे दुप्पट नाही, चौपट, ८,९०० च्या आसपास. मल्टीवॉलला २,००० ते ३,००० जीवर ३० मिनिटं ही सुरुवात म्हणून बरी. जास्त जी लावलात तर चांगल्या पण जाड-लांब नळ्याही खाली जातील आणि वर फिकट चहा उरेल. सिंगलवॉलच्या जुड्या काढायच्या असतील तेव्हाच वर जा.

समोरासमोरच्या ट्यूब वजनाने जुळवा, डोळ्याने लेव्हल बघून नाही.

तपासा: फिरवून झालं की ट्यूब तिरकी करून ओतायची नाही. पिपेटने वरून सावकाश, वरचा ७०-८० टक्के भागच घ्यायचा. शेवटच्या १० मिलीचा मोह होतो, मलाही व्हायचा, आणि त्या १० मिलीतूनच गाळ परत वर येतो.

## टप्पा ६: खरंच पसरलंय का

एक थेंब स्लाइडवर, कव्हरस्लिप, ४०० पटीत बघा. सुटी नळी या मायक्रोस्कोपमध्ये दिसतच नाही, त्यामुळे चांगलं सॅम्पल म्हणजे राखाडी, रिकामं क्षेत्र. काळे ठिपके, माशाच्या काट्यासारखे पुंजके दिसले तर त्या जुड्या आहेत. दोन रुपयांची टेस्ट आहे आणि पवईच्या आयआयटीत टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) स्लॉट घ्यायच्या आधी हीच करा, तिथे जाऊन गोळ्यांचे फोटो काढून येण्यात अर्थ नाही.

डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणाऱ्या मशीनचा) आकडा नळीची लांबी म्हणून लिहू नका. ते मशीन सगळं गोल आहे असं धरून आकार काढतं आणि तुमची नळी गोल नाही. आज आणि पंधरा दिवसांनी तोच सॅम्पल बदलला का, एवढं सांगायला मात्र ते उपयोगी.

किती नळ्या खरंच पाण्यात राहिल्या हे काढायचं तर गाळ फिल्टरवर घ्या, गार पाण्याने भरपूर धुवा म्हणजे पॉलिमर निघेल, वाळवा, तोला. ५० मिग्रॅ घातले आणि १८ मिग्रॅ गाळात सापडले तर ३२ मिग्रॅ वर आहेत, म्हणजे ०.३२ मिग्रॅ प्रति मिली, ०.५ नाही. मधे रीडिंगला काढलेलं ५-६ मिली हिशोबात धरा. पेपरात ०.५ लिहून मोकळे होणारे खूप आहेत.

मग एक वायल सरळ टेबलावर ठेवून द्या, आठवडाभर हलवायची नाही. तळ बघायला खालून मोबाईलचा टॉर्च मारा.

खाली बसलंच तर आधी पॉलिमर कमी पडला असं वाटून अजून दुप्पट घालू नका. कमी पडला तर नळीचे उघडे भाग चिकटतात हे खरं, पण फार जास्त झाला तर पाण्यातले मोकळे मायसेलच नळ्यांना एकमेकींकडे ढकलतात आणि त्यानेही गाळ बसतो. ०.५, १ आणि २ टक्क्यांच्या तीन छोट्या बॅच शेजारी शेजारी लावा, कुठल्या बाजूला जायचं ते कळेल.

## साठवण आणि धुणं

काचेची बाटली, फ्रिज, आणि फ्रिज म्हणजे फ्रीजर नाही. माझी तीन आठवड्यांची बॅच कुणीतरी जागा करायला म्हणून वरच्या कप्प्यात सरकवली, सकाळी बर्फ, दुपारी वितळल्यावर खाली काळी लापशी. गोठताना बर्फ नळ्यांना एकत्र रेटतो आणि त्या परत सुटत नाहीत, पुन्हा प्रोबखाली ठेवावं लागतं.

गम अरेबिक आणि सीएमसीला आपल्या दमट हवेत बुरशी लागते, ती बॅच काही दिवसांतच वापरून टाका. सोडियम अझाइड घालायचा सल्ला मिळेल, पण ते विष आहे, ॲसिड लागलं तर विषारी वायू सुटतो आणि तांब्या-शिशाच्या पाइपमध्ये स्फोटक क्षार तयार होतात, त्यामुळे गाइडला विचारल्याशिवाय नको आणि सिंकमध्ये तर कधीच नको.

फिल्म बनवून कंडक्टिव्हिटी मोजणार असाल तर लक्षात घ्या की पॉलिमर वीज वाहत नाही आणि तो नळी-नळीच्या मधे बसलेला आहे. धुवायचा तो फिल्म झाल्यावर, ०.२२ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनवर व्हॅक्यूमने गाळून, गार पाण्याने आणि मग इथेनॉलने. द्रावणात असतानाच डायलिसिसने सगळा पॉलिमर काढायला गेलात तर नळीवरचाही निघत जातो आणि तुम्ही परत पहिल्या फोटोवर.

उरलेलं काळं पाणी, फिल्टर, ग्लोव्ह्ज, टिश्यू हे सगळं ‘कार्बन नॅनोट्यूब वेस्ट’ असं लेबल लावलेल्या बंद डब्यात. आणि बाटलीवर तारीख, पॉलिमरचा टक्का, जूल प्रति मिली, जी आणि मिनिटं एवढं मार्करने लिहा, मग त्यावर सेलोटेप मारा, इथेनॉलच्या एका थेंबाने मार्कर पुसला जातो.